लाडाच्या नावाचा रकाना

रांधण छठीच्या सकाळी मुक्ताबेन दुसऱ्या दिवशीच्या थंड जेवणाची तयारी करत होत्या; सातमीला चूल पेटवायची नसते. तव्याशेजारी थेपल्यांची चळत वाढत होती. तेवढ्यात ओधवजीभाईंचा फोन वाजला आणि गोड आवाजातली एक मुलगी म्हणाली, "ओधो बोलतायत का? सर, तुमच्यासाठी दोन लाखांचं कर्ज मंजूर झालंय."

ओधवजींचं वय एकाहत्तर. सौराष्ट्रातल्या महुव्याच्या पोस्टात पस्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. त्यांना 'ओधो' म्हणणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्यातलं एकही कर्ज वाटत फिरत नव्हतं.

"कोण गं तू? कुणाची मुलगी?"

"सर, मी पूजा. ओधो सर, व्याज अगदी कमी आहे."

त्यांनी फोन बंद केला. मुक्ताबेननी पोळपाटावरून मान वर केली नाही. "कोण होती?"

"कर्ज देते म्हणे. ओधो म्हणाली मला."

"पन्नास वर्षं संसार केला, मी कधी म्हटलं नाही. बघा बाई, तुमचं नशीब उघडलं."

दोघंही हसले. पुढच्या दोन दिवसांत मात्र अख्ख्या ज्ञातीला तोच अनुभव यायला लागला. लहानपणी ज्याला टीणियो, म्हणजे चिमुकला, म्हणत त्या सहा फूट उंचीच्या, गलमिशांच्या दळणवाल्याला 'प्रिय टीणियो, आपली विमा पॉलिसी संपत आली आहे' असा संदेश आला. कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्यापुढे शिपाईसुद्धा चपला काढून उभा राहतो, त्यांना भर वर्गात फोन आला, "बकुडीजी, प्लॉट घेणार का?" फोन स्पीकरवर होता. शाळेतल्या पोरी हसू लपवायला तोंडावर ओढणी धरून फिरत होत्या म्हणे. सातमीला देवळात, आठमीला गोकुळाच्या देखाव्यापुढे, सगळीकडे हाच विषय आणि हशा. हसण्यासारखं होतंच ते. ओधवजीही हसले, पण घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि झोपाळ्यावर बसून झोका न घेता ते एकेक नाव आठवत राहिले.

कारण ही लाडाची नावं लिहून ठेवणारा माणूस जगात एकच होता, आणि तो त्या झोपाळ्यावर बसला होता.

दीड वर्षापूर्वी ज्ञातीचं नवं वस्तीपत्रक काढायचं ठरलं. प्रत्येक घरात किती माणसं, कोण काय करतं, कुणाचा रक्तगट कोणता, लग्नाच्या वयाचं कोण आहे, फोन नंबर काय, अशी सगळी माहिती असलेलं जाडजूड पुस्तक. आमच्याकडे प्रत्येक ज्ञातीचं असतं. सोयरीक जुळवायची तर पंचांगाच्या आधी ते उघडतात. मागचं पत्रक बावीस वर्षांचं जुनं, त्यातली निम्मी माणसं वर गेलेली. ज्ञातीचे प्रमुख रमणीकलाल हे ओधवजींचे बालमित्र. एका बाकावर शिकलेले, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. त्यांनी सांगितलं, "ओधा, हे काम तूच कर. तुला कुणी दारातून परत पाठवणार नाही."

ते खरंच होतं. पस्तीस वर्षांत ओधवजींनी दुसऱ्याचं पाकीट उजेडासमोर धरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. कुणाच्या मुलाची मनिऑर्डर बंद झाली, कुणाच्या सुनेला माहेराहून रोज पत्र येतं, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं आणि त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. म्हणून दोनशे त्र्याऐंशी घरांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं ते सगळं सांगितलं.

लाडाच्या नावाचा रकाना ही त्यांचीच कल्पना. "कागदावरच्या नावानं आपल्यात कोण कुणाला ओळखतं?" ते रमणीकना म्हणाले होते. "जयंतीलाल कोण म्हटलं तर सख्खा भाऊ विचार करतो. टीणियो म्हटलं की मुंबईपर्यंत ओळख पटते." रमणीक खूप हसले, पण रकाना ठेवला. ओधवजींनी चार वह्या भरल्या. रमणीकच्या दुकानात बसणाऱ्या कारकुनानं त्या संगणकात उतरवल्या. पुढे छापताना पान अपुरं पडतं म्हणून तो रकाना गाळला गेला. ओधवजींना वाईट वाटलं, पण पुस्तक असं देखणं निघालं की ते विसरून गेले. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, आणि पहिल्याच पानावर त्यांचा स्वतःचा फोटो: 'संपादक'. सभागृहात रमणीकनी शाल घातली तेव्हा ओधवजींना धोतराचा सोगा डोळ्यांना लावावा लागला होता.

म्हणजे ती नावं पुस्तकात नव्हतीच. वह्या त्यांच्या कपाटात कुलूपबंद होत्या. त्यांनी उठून कुलूप पाहिलं, वह्या मोजल्या. चारही होत्या.

"आणखी कुठे होती ती नावं?" मुक्ताबेननी विचारलं.

"रमूच्या संगणकात."

मुक्ताबेननी कपाट जरा जोरातच बंद केलं. ते ओधवजींना झोंबलं. "रमूकडून कुणी चोरली असतील," ते म्हणाले. "त्याला सांगायला हवं."

ते निघायच्या आधीच दक्षा दारात उभी राहिली.

दक्षा म्हणजे जीवणची मुलगी. जीवण पोस्टात त्यांच्याबरोबर होता, नऊ वर्षांपूर्वी गेला. दक्षाला सुरतेला दिली होती. चार वर्षं मार खाऊन ती परत आली आणि आईजवळ राहून ब्लाऊज शिवायला लागली. नवरा दारू पिऊन फोनवर घाणेरडं बोलायचा, म्हणून तिनं नंबर बदलला. नवा नंबर गिऱ्हाइकांपुरता. वस्तीपत्रकासाठी ओधवजी गेले तेव्हा ती नाहीच म्हणाली होती. "बाकी सगळं लिहा काका, नंबर नको."

"अगं, छापणार नाही तुझा. नुसता वहीत असू दे. कधी नड पडली तर ज्ञातीला तुझ्यापर्यंत पोचता यायला हवं. माझ्या शब्दावर दे."

त्या शब्दावर तिनं दिला. लाडाचं नावही दिलं, थोडं लाजत: ढबू. लहानपणी ती गुबगुबीत होती. बाप सोडून दुसरं कुणी त्या नावानं हाक मारत नसे. त्या दिवशी ओधवजींनी ते वहीत लिहिताना मुद्दाम मोठ्यानं उच्चारलं होतं, आणि दोघं जीवणच्या आठवणीनं हसली होती.

आता ती दारात उभी होती आणि आत यायला तयार नव्हती.

"काका, परवा दुपारी मशिनवर बसले होते. अनोळखी नंबर. मला सगळे उचलावे लागतात, गिऱ्हाईक असतं. उचलला तर पुरुषाचा आवाज, म्हातारा असावा. म्हणाला, 'ढबू बोलतेस का बेटा?'" तिनं दाराची चौकट धरली. "मी 'हो बापू' म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. मग तो विम्याचं काहीतरी बोलायला लागला."

ओधवजी उंबऱ्यापर्यंत पुढे आले.

"दिवसाला पंधरा-वीस येतात. काल एकानं विचारलं, ढबू, एकटीच राहतेस का? ते नाव मी फक्त तुम्हाला दिलं होतं, काका. नंबरसुद्धा गिऱ्हाइकं सोडून तुम्हालाच." ती रडत नव्हती, रडली असती तर बरं झालं असतं. "मी भांडायला नाही आले. मला फक्त सांगा, कुणाला दिलंत?"

"कुणालाही नाही गं. जीवणची शप्पथ."

"मग गेलं कसं?"

"शोधतो. शोधल्याशिवाय तुला तोंड दाखवणार नाही."

ती गेली. थेपलं खाऊन जा असं म्हणायचंसुद्धा मुक्ताबेनना सुचलं नाही.

महुव्याला त्या दिवसांत समुद्राकडून वारा आला तरी कारखान्यांत सुकवलेल्या कांद्याचा वास घेऊनच येतो. त्या वासातून ओधवजी तरातरा चालत बाजारात गेले. रमणीकचं लाख चढवलेल्या लाकडी खेळण्यांचं दुकान मोक्याच्या जागी आहे. दुकानात गादीवर रमणीक पाय पसरून बसले होते, पुढ्यात गाठिया आणि तळलेल्या मिरच्या.

"ये ओधा. घे, गरम आहेत."

ओधवजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रमणीकनी कपाळाला हात लावला. "हे काम छापखान्यातलं. हल्ली या लोकांना फाईल द्यायची म्हणजे बोकड खाटकाकडे नेऊन बांधायचा. मी बघतो, तू डोक्यात घेऊ नकोस."

ओधवजींनी मात्र ते डोक्यात घेतलंच. दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात गेले आणि चारचौघांत त्या माणसाला चोर म्हणाले. माणूस शांत होता. त्यानं संगणक उघडून आलेली फाईल दाखवली. "काका, मोजा रकाने. यात लाडाचं नाव आहे कुठे? मला ते आलंच नाही. तुमच्या अध्यक्षांनीच गाळून पाठवलं." ओधवजींनी दोनदा मोजले. मग त्यांनी हात जोडून माफी मागितली, आणि तो माणूस 'असू दे' म्हणाला ते त्यांना, त्यानं उलट चोर म्हटलं असतं त्याहून जास्त लागलं.

तिथून ते पुन्हा रमणीककडे आले, आणि या वेळी गादीवर बसले. काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण साठ वर्षांची दोस्ती असलेल्या माणसाला असं कसं विचारायचं ते कळत नव्हतं. म्हणून ते नुसतेच बसून राहिले. गिऱ्हाइकं येत-जात होती. तासाभरात ओधवजींचा फोन चार वेळा वाजला: कर्ज, विमा, प्लॉट, परत कर्ज. समोर गल्ल्यावर रमणीकचा फोन उताणा पडून होता.

"रमू, माझा चारदा वाजला. तुझा एकदाही नाही."

"आवाज बंद असेल."

म्हणेपर्यंत फोन ठणाणा वाजला. घरून होता. ताक आत्ता पाठवू की जेवणाबरोबर, असं त्यांची बायको विचारत होती. तिचा आवाज ओधवजींना स्पष्ट ऐकू आला. रमणीकनी 'आत्ता पाठव' म्हणून फोन ठेवला आणि समोरची लाकडी बैलजोडी उगाच फडक्यानं पुसायला घेतली.

"तुला एकही येत नाही," ओधवजी म्हणाले. "दोनशे त्र्याऐंशी घरांत फक्त तुझ्या घरी येत नाही."

"धंद्याचा नंबर आहे रे. दिवसभर असले फोन यायला लागले तर गिऱ्हाइकाशी कधी बोलू?"

हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते रमणीकच्या ध्यानात आलं. ओधवजींनी डोळे मिटले. कानशिलात बसावी तसं झालं त्यांना.

"म्हणजे यादी देताना तुला माहीत होतं, काय येणार ते. स्वतःचा नंबर काढून घेतलास आणि मग दिलीस."

"आता तू असा चढू नकोस. पुस्तक काय फुकट निघालं? सोनेरी अक्षरं, तुझा रंगीत फोटो, शाल. वर्गणी कुणी देत नव्हतं. अमदावादची एक कंपनी म्हणाली, छपाई आम्ही करून देतो, नुसती यादी द्या. कुणाच्या घरातलं काय गेलं? नको असेल त्यानं फोन उचलू नये."

"माझा नंबर का नाही काढलास?"

रमणीकनी हसण्याचा प्रयत्न केला. "तुझं काय, तू रिटायर माणूस. म्हटलं तेवढाच वेळ जाईल तुझा."

ओधवजींनी आयुष्यभर या माणसाची थट्टा खपवून घेतली होती, आवडीनं. या वेळी ते हसले नाहीत. "त्या जीवणच्या पोरीचा तरी काढायचास."

"एवढ्या घरांत ढबू कोण आणि बकुडी कोण, मी काय बघत बसलो होतो?"

"मी सभेत सांगणार, रमू. नवरात्रीच्या आधीच्या सभेत. सगळ्यांसमोर."

रमणीकनी फडकं खाली ठेवलं. गल्ल्याच्या खालचा खण उघडून त्यांनी एक कागद काढला आणि ओधवजींसमोर धरला. हातात दिला नाही. इंग्रजी मजकूर, आणि खाली ओधवजींची सही. पोस्टातल्या शिस्तीची, वळणदार, तारखेसकट.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात रमणीक स्कूटरवरून आले होते, स्कूटर चालूच होती. "छापखान्याचे कागद आहेत, संपादकाची सही लागते. इथे, इथे आणि इथे." ओधवजींनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सह्या केल्या होत्या. सही करण्याआधी पाकीट नीट बघा, असं पस्तीस वर्षं दारोदार सांगणाऱ्या माणसानं वाचलंसुद्धा नव्हतं. रमू समोर असताना वाचायचं म्हणजे त्याचा अपमान, असं त्यांना वाटलं होतं.

"काय लिहिलंय?"

"सर्व कुटुंबांना फोनवर माहिती पाठवायला हरकत नाही, संपादकानं प्रत्येकाची संमती घेतली आहे, असं," रमणीक म्हणाले. आणि मग आवाज उतरवून, समजुतीनं, "ओधा, कशाला उगाच? गप्प बसलास तर महिन्याभरात लोक विसरतील. तुझं नाव चांगलं आहे, तसंच राहू दे. बोललास तर हा कागद मला दाखवावा लागेल. मला तरी दुसरा काय इलाज आहे?"

महिनाभर ओधवजींना अन्न गोड लागलं नाही. मुक्ताबेननी एकदाच विचारलं, "न बोलता जमेल का तुम्हाला?" ते 'नाही' म्हणाले. "मग बोला. मला शेजारणी काय म्हणतील त्याची काळजी तुम्ही करू नका."

नवरात्रीच्या आधीच्या रविवारी ज्ञातीच्या सभागृहात सभा भरली. पुरुष पुढे, बायका मागे. गरब्याच्या मंडपाचा विषय निघायच्या आत ओधवजी उभे राहिले आणि यादी कुणी दिली, कशी दिली ते त्यांनी सरळ सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सगळ्यांचे डोळे रमणीककडे वळले.

रमणीक रागावले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि प्रत्येक ओळ गुजरातीत समजावून सांगितली. "ओधवजीभाईंचं वय झालं," शेवटी ते मायेनं म्हणाले. "सही केल्याचं विसरले असतील. आपण मनाला लावून घ्यायला नको. त्यांनी ज्ञातीसाठी केलं ते थोडं आहे का?"

"सही माझीच आहे," ओधवजी म्हणाले. "मी वाचलं नव्हतं."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. दळणवाला म्हणाला, "म्हणजे आम्ही टीणियो तुमच्यामुळे झालो होय!" आणि हशा पिकला. कुणी म्हणालं, हल्ली कुणाचा नंबर कुणाकडे नसतो. कुणी म्हणालं, जाऊ द्या, मंडपाचं बोला. ओधवजींना वाटलं होतं, लोक खवळतील. रमणीकवर नाहीतर आपल्यावर, पण खवळतील. कुणीच खवळलं नाही. बायकांच्या बाजूला फक्त एक जागा रिकामी झाली. दक्षा उठून गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून ओधवजींनी त्याच चार वह्या घेऊन तीच दोनशे त्र्याऐंशी घरं पुन्हा धरली. मोबाईलवाल्याकडून त्यांनी सगळं शिकून घेतलं होतं: जाहिरातींचे फोन बंद करायला १९०९ ला 'स्टार्ट झिरो' असा संदेश टाकायचा, उलट उत्तर आलं की खात्री द्यायची, काही दिवस थांबायचं, एवढं करूनही साध्या नंबरावरून येतात ते एकेक करून अडवायचे. प्रत्येक दारात ते आधी म्हणायचे, "चूक माझ्या सहीनं झाली. फोन द्या, मी बंद करून देतो." काहींनी दिला. काहींनी आतूनच 'नंतर या' म्हटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी फोन दिला, पण ते बटणं दाबत असेपर्यंत त्यांच्या हातांवरची नजर काढली नाही. काही फोन थांबले, काही थांबले नाहीत. ओधवजी वहीत खुणा करत गेले.

दक्षाचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. हिंमत होईना म्हणून.

ती मशिनवर होती. त्यांना बघून उठली, खुर्ची पुसून दिली, आईला चहा टाकायला सांगितलं. राग नव्हता, पाहुण्याशी बोलतात तसं नीट बोलत होती. ओधवजींनी बोलायला सुरुवात केली तशी तिनं थांबवलं. "मी होते सभेत, काका. तुम्ही खरं बोललात ते ऐकलं मी."

"दे फोन. पाच मिनिटांत होतं. तुला परत त्रास होणार नाही असं करतो."

"नको काका. मी कार्ड बदललं. परवाच."

"बरं केलंस, बरं केलंस." त्यांना खरंच हायसं वाटलं. "आणि गिऱ्हाइकं?"

"बरीचशी गेली. राहिली त्यांना घरी जाऊन सांगितलं. ज्यांना सांगायचं त्यांनाच."

ओधवजींनी मान डोलावली. दोनशे ब्याऐंशी घरांच्या सवयीनं त्यांचा हात वहीकडे गेला होता. दक्षाच्या नावाची ओळ उघडली होती आणि पेनचं टोपण निघालं होतं. जुना नंबर खोडून पुढे नवा लिहायला जागा होती. दक्षानं वहीकडे पाहिलं. मग तिनं मांडीवरच्या ब्लाऊजची बाही उलटी केली आणि शिवणीतले दोरे काढायला लागली.

"चहा घ्या, काका. निवतोय."

त्यांनी चहा घेतला. जीवणच्या फोटोकडे एकदा पाहिलं, पेनला टोपण लावलं, वही मिटली. नंबर त्यांनी मागितला नाही. तिनंही दिला नाही.